पेडण्याचे दत्ता आणि डिचोलीचे दत्ताराम
(नभोवाणी-भाषण)

शिरगावच्या लईराईच्या जत्रेत वैशाख शुद्ध पंचमीला जो जनसमुदाय लोटतो, त्याच्या कानांवर देवीच्या जयघोषाबरोबरच आणखी एक गोष्ट सतत पडत असते. खेळण्यांच्या आणि खाज्यांच्या दुकानांतून कर्ण्यांवर वाजणारी चित्रपटगीते ती ही. त्यांत जुनीही असतात. गाणे लागले की गाणाऱ्याचे नाव दहापैकी आठजण सांगतील, पडद्यावर ओठ हलविणाऱ्या नटाचे नाव तर दहाही सांगतील. पण चाल कोणाची, असा प्रश्न केला तर मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. यांत त्यांचा दोष नाही. चाल बांधणाऱ्याचे नाव श्रोत्यापर्यंत पोहोचू नये अशीच आपल्याकडील एकंदर व्यवस्था होती, आणि त्या व्यवस्थेचा फटका आपल्याच दोन तालुक्यांतल्या दोन माणसांना बसला. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम नावांचा गुंता सोडवू. चित्रपटसंगीताच्या जुन्या याद्या चाळू लागलात की ‘दत्ता’ हे नाव चार ठिकाणी भेटते. के. दत्ता म्हणजे दत्ता कोरगावकर. मास्टर विनायकांच्या ‘बडी माँ’ (१९४५) या नूरजहाँच्या चित्रपटाचे संगीत त्यांचे. आडनावातले कोरगाव पेडणे तालुक्यात आहे, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. दुसरे दत्ता डावजेकर. ‘माझं बाळ’ (१९४३) या चित्रपटात आशाबाईंचा पहिला आवाज आणि ‘आप की सेवा में’ या चित्रपटात लताबाईंचे हिंदीतील पहिले पार्श्वगायन, ही दोन्ही त्यांच्या खात्यावर आहेत. तिसरे एन. दत्ता आणि चौथे दत्ताराम. पहिल्या दोघांचा काळ थोडा आधीचा असल्यामुळे तितकासा घोटाळा होत नाही. तिसरे आणि चौथे मात्र एकाच काळातले, एकाच मुंबईतले आणि एकाच गोमंतकातले. त्यामुळे एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर सर्रास चढविले जाते, तेही जाणकार म्हणविणाऱ्यांकडून.

एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी, कोलवाळनजीकच्या आरोबा या लहानशा गावात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी हा मुलगा घर सोडून मुंबईस पळाला. तेथे तो शास्त्रीय संगीत शिकला आणि गुलाम हैदर यांच्या हाताखाली त्याने काही काळ उमेदवारी केली. रस्त्यावरच्या गाण्याच्या कार्यक्रमांत तो भाग घेई आणि तेथेच सचिनदेव बर्मन यांची दृष्टी त्याच्यावर पडली, असे सांगतात. ‘बहार’, ‘सजा’, ‘जाल’ या चित्रपटांच्या वेळी ते बर्मनदांचे सहाय्यक होते. त्या सुमारास गुरुदत्त यांचे सहाय्यक असलेले राज खोसला यांनी पुढे स्वतंत्रपणे पहिला चित्रपट काढला, तो ‘मिलाप’, १९५५ सालचा. त्याच्या संगीताची जबाबदारी त्यांनी या पेडणेकर तरुणावर टाकली, गीते साहिर लुधियानवी यांची.

१९५५ हे साल गोमंतकीयांना दुसऱ्याच कारणाने आठवते. त्या वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवी पेडणे तालुक्यातच येते. त्यानंतर सीमा बंद झाली, आगगाडी थांबली, आणि मुंबईत पोट भरणाऱ्या हजारो गोवेकरांना गावचा गणपती किंवा गावचे फेस्त दुर्लभ झाले. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ही स्थिती टिकली. एन. दत्तांच्या उत्कर्षाचा काळ नेमका हाच. ‘साधना’ (१९५८), ‘धूल का फूल’ (१९५९), ‘धर्मपुत्र’ (१९६१) हे चोप्रा बंधूंचे तिन्ही चित्रपट या सहा वर्षांतले. माणसाला नाके होते, सुरांना नव्हते. त्यांतही एक गंमत अशी की भारताच्या आकाशवाणीवरून चित्रपटगीते तेव्हा जवळजवळ हद्दपार झाली होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कट्टर पक्षपाती होते, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू होईपर्यंत हिंदी गाणे ऐकावयाचे तर रेडिओ सिलोनकडे वळावे लागे. म्हणजे आरोब्याच्या माणसाने मुंबईत बांधलेली चाल आपल्या गावच्या कानांपर्यंत यावयाची, तर ती कोलंबोहून समुद्रावरून यावयाची!

त्या चाली कशा होत्या? साहिर यांचे शब्द वजनदार असत. त्यांत विचार असे, आणि बहुधा रागही असे. अशा शब्दांवर अलंकारांचा भार घालणारा संगीतकार कवितेचा जीव घेतो. एन. दत्ता यांनी तो मोह टाळला. ‘साधना’मधील लताबाईंच्या गीतात पुरुषजातीवर एक आरोपपत्रच ठेवलेले आहे. तेथे चाल जवळजवळ बोलण्याच्या लयीत चालते आणि वाद्ये दबून राहतात. ‘धूल का फूल’मध्ये टाकून दिलेल्या एका अर्भकाला एक वृद्ध मुसलमान वाढवितो आणि त्या मुलाला धर्माच्या नावाची नव्हे तर माणूसपणाची ओळख देतो. रफी यांनी गायिलेले ते गीत आजही शाळाशाळांतून ऐकविले जाते. माझ्या मते एन. दत्तांच्या साऱ्या कृतींत हीच दोन गीते अग्रपूजेची आहेत. ‘ब्लॅक कॅट’सारख्या हलक्याफुलक्या चित्रपटांतील गाण्यांवर जीव टाकणारे रसिकही पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

चोप्रांनी पुढे ‘गुमराह’ (१९६३) आणि ‘वक्त’ (१९६५) यांसाठी रवी यांना बोलाविले. हिंदीतील मोठी घरे एन. दत्तांना हळूहळू बंद झाली. मात्र मराठीला त्याचा लाभ झाला. राजदत्त यांचा पहिलाच चित्रपट ‘मधुचंद्र’ (१९६७) आणि पाठोपाठ ‘अपराध’ (१९६९) यांचे संगीत त्यांचे. ‘अपराध’साठी महेंद्र कपूर या पंजाबी गायकाकडून त्यांनी असे मराठी गाऊन घेतले की आजही भावगीतांच्या मैफलीत ते गीत चुकत नाही. आणि ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातील सुमन कल्याणपूर यांची अंगाई तर मराठी घराघरांत पाळण्यावर गायिली गेली. कित्येक माउलींना ती लोकगीतच वाटते. संगीतकाराला याहून मोठा मान कोणता, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याने रचले त्याचे नाव पुसून मिळालेला मान हा अर्धाच मान.

न्यायाची बाजू दोन्हीकडे पाहावी लागते. ‘दीदी’ (१९५९) या चित्रपटाचे संगीत एन. दत्तांचे म्हणून नोंदलेले आहे. परंतु त्यातील सर्वांत गाजलेले गीत, मुकेश आणि सुधा मल्होत्रा यांचे, त्याची चाल सुधाबाईंनी स्वतः बांधलेली. एन. दत्ता तेव्हा आजारी होते. म्हणजे या यादीतून त्यांचे एक उत्तम गाणे वजा करावयास हवे. यादी करावयाची ती अशा हिशेबाने. कानपूरचे हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार तयार केला, तेव्हा चित्रपट, गीत, गायक, कवी, तबकडीचा क्रमांक हे सारे तपासून लिहिले. असा कोश एखाद्या सरकारी खात्याने नव्हे तर एका रसिकाने करावा, हे आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही.

आता दत्ताराम. पुरे नाव दत्ताराम वाडकर, जन्म गोमंतकातला, १९२९ चा. तबल्याचे शिक्षण पंढरीनाथ नागेशकर यांच्याकडे. व्यायामशाळेत शंकर यांची ओळख झाली आणि त्या ओळखीने ते शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यात गेले, ते कायमचे. राज कपूर यांच्या संस्थेने ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) त्यांना स्वतंत्रपणे दिला. त्यातील चिमणीचे बालगीत आज आजोबा झालेल्यांनाही पाठ आहे. पुढच्याच वर्षी ‘परवरिश’ आला. त्यातील मुकेश यांच्या दुःखगीतामागे ढोलकावर जो ठेका वाजतो, त्याला वादकमंडळी आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. एखाद्या रागाला किंवा तानेला माणसाचे नाव मिळते, हे आपण ऐकतो. ठेक्याला, तोही चित्रपटातल्या ढोलकाच्या ठेक्याला, नाव मिळावे ही गोष्ट विरळा. तरीसुद्धा स्वतःचे चित्रपट करीत असतानाही ते शंकर-जयकिशन यांचे सहाय्यक राहिले, आणि त्यांचे नाव बव्हंशी श्रेयनामावलीच्या खालच्या ओळीत आले : सहाय्यक दत्ताराम आणि सेबॅस्टियन.

या ओळीजवळ मला थोडे थांबू द्या. सेबॅस्टियन डिसोझा हे बार्देशातल्या रेइस मागुशचे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात ते वाद्यवृंद चालवीत. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादी. तेथील चर्चच्या पॅरिश शाळांतून मेस्त मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, आणि तोच विद्येचा वारसा घेऊन शेकडो ख्रिस्ती वादक मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचले. डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. येथे देवळाची भजनसप्ताहाची परंपरा, दशावतार, शिगम्याचे ढोल आणि घुमट अबाधित राहिले. येथला मुलगा चाल कागदावरून नव्हे, कानावरून शिकला. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळेत एका बाजूला सेबॅस्टियन पन्नास व्हायोलिनांसाठी कागद लिहीत बसलेले आणि दुसऱ्या बाजूला दत्ताराम ढोलक-तबलावाल्यांना बोल तोंडी सांगत असलेले. दोन काबिजादींनी मिळून एक गाणे पुरे केले. गोमंतकाच्या इतिहासाची पुस्तके या भेटीची नोंद क्वचितच घेतात, म्हणून ती येथे घेतली.

पण कागद आणि कान यांतला हा फरक पुढे महागात पडला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ची व्याख्या होती ती लिहिलेल्या किंवा छापलेल्या स्वररचनेची. ओठांवर जन्मलेली, पेटीवर ठरलेली चाल या व्याख्येत नीट बसत नसे. ही अट १९९४ साली निघाली. दुसरे असे की १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, त्यानुसार निर्मात्याने मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रपटगीतावर, उलट करार नसेल तर, हक्क निर्मात्याचा ठरला. संगीतकाराने ठरलेली रक्कम घ्यावी आणि जावे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजो, त्याच्या हाती काही यावयाचे नाही. कवी आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा वाटा कायद्याने मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीने.

मडगावचे ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांच्याशी तुलना केली तर फरक ध्यानात येईल. कोकणी गाणी ते रचीत, चाली देत, ट्रंपेट वाजवीत, आणि ‘भुंयारांतलो मनीस’ (१९७७) हा चित्रपटही त्यांनी स्वतःच काढला. त्यामुळे त्यांची गाणी त्यांच्याच नावाने ओळखली गेली. २०१४ साली ‘नाचुंया कुंपासार’ या चित्रपटात त्यांतली कित्येक पुन्हा गायिली गेली, तेव्हा कोणाची, असे विचारण्याची पाळी कोणावर आली नाही. आमच्या दोन दत्तांना असा स्वतःचा रंगमंच कधी लाभला नाही. ते दुसऱ्याच्या पडद्यासाठी राबले.

आमच्या शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांना गेल्या वर्षी मी एक काम दिले होते. घरी, आजोळी, शेजारी जुन्या तबकड्या असतील तर त्यांच्या मधल्या चकतीवर जे छापलेले असेल ते जसेच्या तसे वहीत उतरवून आणावे. काहींच्या घरच्या तबकड्या भंगारवाल्याने आधीच नेल्या होत्या. तरी बरेच काही जमले. कोठे गायकाचे नाव ठळक आणि संगीतकाराचे बारीक, कोठे उंदराने चकती कुरतडलेली. एन. दत्ता आणि दत्ताराम यांची पाने आम्ही वेगळी केली आहेत.

एन. दत्ता ३० डिसेंबर १९८७ रोजी मुंबईत वारले. दत्ताराम मात्र उतारवयात गोव्यात परतले आणि ८ जून २००७ रोजी येथेच, डिचोलीस, त्यांनी देह ठेवला. शिरगावाहून ते घर काही मैलांवर. २०१२ ची दुरुस्ती यावयास तेव्हा पाच वर्षे उरली होती.