बोंडअळी, बियाणे आणि फवारणीचे हात

गुलमंडीवर कापड फाडून घेताना त्यामागच्या अळीची आठवण कोण ठेवतो? आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ती ठेवावी लागते, कारण अळीवर औषध मारणारा शेतमजूर आमचाच.

किडीला दाद न देणारे वाण निपजविण्याची विद्या जुनी आहे. पानांवर दाट लव असलेल्या कपाशीवर तुडतुड्यांचे फारसे चालत नाही, हे पाहून पैदासकारांनी तशी झाडे निवडून वाढविली. आपल्या नांदेडच्या संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाणही रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देई. बोलिव्हियातल्या एका रानबटाट्याची लव तर इतकी चिकट की मावा तीतच अडकून मरतो. बटाट्याचे पैदासकार तिच्या मागे लागले ते उगाच नव्हे.

पण बोंडअळी बोंडाच्या आत शिरून बसते. तेथे लव काय करणार? म्हणून मातीतल्या एका जिवाणूचा, अळीला मारक असा जनुक झाडातच घालण्यात आला. अमेरिकेत १९९५ साली असा बटाटा निघाला. २००१ साली तो बाजारातून उठला. कापूस मात्र टिकला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात स्थापिलेल्या महिको कंपनीच्या तीन बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीस बोंडअळीच्या फवारण्या खरोखरच घटल्या, हे आम्ही नाकारीत नाही.

पिशवीत ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधे बी असे. ते कडेने पेरायचे. साध्या झाडांवर जगलेले पतंग उरलेल्यांशी जुळावेत आणि विष पचविणारी संतती फोफावू नये, हा हेतू. दोन एकरवाल्याने आपल्या रानातल्या ओळी अळीला का द्याव्यात, हे त्याला कितीजणांनी समजावून सांगितले? शिवाय पाणी असेल तेथे मार्चपर्यंत फरदड उभी. शेंदरी बोंडअळीला अखंड पंगतच! एका जनुकाचा वाण गुजरातेत तिला रोखीत नाही, हे २०१० साली जाहीर झाले. २०१७ साली महाराष्ट्रात दोन जनुकांचाही टिकाव लागला नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात, पुरुषभर वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

फवारणाऱ्यास संरक्षक कपडे हवेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले आहे. ते कोणाच्या खर्चाने, हे पाठीवर पंप घेतलेल्या रोजंदारीच्या माणसाला अजूनही विचारावे लागते.