हिरडीतल्या इंजेक्शनाची कुळकथा

दाढ काढायची ठरली की घरातलं कुणीतरी वडीलधारं बजावतंच, "वरची दाढ काढू नकोस, डोळ्यावर जातं." या भीतीपायी सडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगणारी माणसं गावोगाव आहेत. दाढेचा ठणका डोळ्यापर्यंत जातो, हे खरं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या एकाच मोठ्या नसेला तीन फांद्या आहेत: एक कपाळाकडे आणि डोळ्याकडे, दुसरी वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या. त्यामुळे एका फांदीतलं दुखणं दुसरीत जाणवतं. पण आपण ज्या नसेने पाहतो ती निराळीच, तिचा दाढांशी काही संबंध नाही. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट दाढ काढताना दुखू नये म्हणून हिरडीत जे इंजेक्शन देतात, ते दाढेपर्यंत पोचलं तेच डोळ्याच्या वाटेने.

त्याच्या आधी होता तो हुंगायचा वायू, आणि तिथेही सुरुवात अक्कलदाढेपासून झाली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला हम्फ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपत होता. त्याची अक्कलदाढ सुजून ठणकत होती. वायू हुंगला की दुखणं ओसरायचं, परिणाम संपला की परत यायचं. १८०० साली छापलेल्या पुस्तकात त्याने ही नोंद केली आणि शस्त्रक्रियेत हा वायू उपयोगी पडेल असंही लिहून ठेवलं. कुणी लक्ष दिलं नाही. पुढची चाळीसहून अधिक वर्षं माणसं जागेपणी दात उपटून घेत राहिली आणि तो वायू तमाशासारख्या खेळांत लोकांना हसवण्यासाठी वापरला गेला. हे वाचताना दरवेळी हळहळ वाटते.

असाच एक खेळ १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात झाला. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य होता. वायू हुंगून उड्या मारणाऱ्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, रक्त आलं, आणि त्याला पत्ताच नव्हता. वेल्सने ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दाढ काढून घेतली. दुखलं नाही. आधी स्वतःच्या दाढेवर प्रयोग आणि मग रोग्यांवर, या क्रमासाठी मला वेल्सबद्दल फार आदर वाटतो. पुढच्या महिन्यात बॉस्टनला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रात्यक्षिक केलं. वायू पुरेसा चढला नव्हता, रोगी ओरडला, आणि सभेने वेल्सची हुर्यो उडवली. त्यातून तो सावरला नाही. १८४८ मध्ये, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्याचाच एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन याने १८४६ मध्ये ईथर वापरून जगाला भूल पटवून दिली.

पण एका दाढेसाठी सगळा माणूस बेशुद्ध करायचा, हा मोठा धोका होता. फक्त जागा बधिर करायची तर निराळं औषध हवं होतं. ते दक्षिण अमेरिकेतल्या कोका झुडपाच्या पानांत होतं. १८६०च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमान याने त्यातून कोकेन वेगळं काढलं आणि त्याने जीभ बधिर होते, हेही नोंदवलं. त्याचा उपयोग मात्र १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या डोळ्यांच्या तरुण डॉक्टरला सुचला. बेडकाच्या आणि इतर प्राण्यांच्या डोळ्यांवर पाहून झाल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यात द्रावणाचे थेंब टाकले आणि बुबुळाला टाचणी लावून पाहिली. काही जाणवलं नाही. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने तेच द्रावण सुईने थेट नसेजवळ सोडलं. खालच्या जबड्याच्या हाडात नस जिथे शिरते तिथे औषध सोडलं की त्या बाजूचे सगळे खालचे दात सुन्न होतात. खालची दाढ काढताना आजही डॉक्टर सुई घालतात ती तिथेच. वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, औषध त्यातून झिरपतं, म्हणून तिथे दाताशेजारी टोचलं तरी भागतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड घट्ट, म्हणून नसच गाठावी लागते. हॉल्स्टेडने आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोग स्वतःवर केले आणि त्यांना कोकेनचं व्यसन जडलं. हॉल्स्टेड पुढे जगातला नावाजलेला सर्जन झाला, पण अमली औषधांपासून त्याची पुरती सुटका कधीच झाली नाही.

व्यसन आणि विषबाधा टाळायला दोन गोष्टी झाल्या. हाइनरिश ब्राउन या जर्मन सर्जनने बधिर करणाऱ्या औषधात अ‍ॅड्रेनालिनचा अंश मिसळला. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात लवकर वाहून जात नाही, थोड्यात काम होतं आणि रक्तही कमी येतं. आणि आल्फ्रेड आइनहॉर्नने नोव्होकेन हे व्यसन न लावणारं औषध बनवलं, ते १९०५ पासून वापरात आलं. मात्र त्याची काहींना अ‍ॅलर्जी व्हायची. त्यावरचा उतारा सापडला तो स्वीडनमध्ये, बार्लीच्या, म्हणजे जवाच्या, रोपांमुळे. त्या रोपांतल्या एका द्रव्याचा शोध घेताना प्रयोगशाळेत भलताच पदार्थ तयार झाला, रसायनशास्त्रज्ञाने तो चाखला आणि जीभ बधिर झाली. हा धागा धरून निल्स लोफग्रेनने १९४३ च्या सुमारास लिडोकेन घडवलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या त्याच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्या अंगात टोचून तपासलं. १९४८ मध्ये ते झायलोकेन नावाने बाजारात आलं. आपल्याकडे डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात.

दवाखान्यातल्या त्या छोट्या बाटलीवरचं लेबल एकदा जरूर वाचा. बहुतेक ठिकाणी त्यावर असतं: लिग्नोकेन २ टक्के, अ‍ॅड्रेनालिन १:८०,०००. म्हणजे ऐंशी लिटरमध्ये एक ग्रॅम. इतक्या अंशानेही काहींची छाती दोन-चार मिनिटं धडधडते. पुष्कळ जण त्यालाच अ‍ॅलर्जी समजतात आणि पुढच्या डॉक्टरला तसं सांगतात. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित. खुर्चीत चक्कर येते ती बहुतेकदा भीतीने आणि रिकाम्या पोटी आल्याने. नुसती जागा बधिर करायची असेल तर जेवून जावं, मधुमेह असेल तर नक्कीच. पूर्ण भूल द्यायची असेल तरच उपाशी राहायचं, आणि ते डॉक्टर आधी सांगतात. बीपी, हृदयविकार, थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, गरोदरपण, यातलं काहीही लपवू नका. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नका. दाढेच्या रक्तस्रावापेक्षा तो धोका मोठा ठरू शकतो.

इंजेक्शननंतर डॉक्टर विचारतात, "ओठ जड झाला का?" घाई करून हो म्हणू नये. बधिर जागेतही दाब आणि ओढ कळते, कारण कळ नेणारे बारीक तंतू आधी बंद होतात आणि दाब कळवणारे जाड तंतू उशिरा. पण कळ येत असेल तर हात वर करा, आणखी औषध देता येतं. पू झालेल्या जागी मांस आम्लधर्मी होतं आणि औषध नीट चढत नाही. डॉक्टरांनी आधी पू काढून किंवा गोळ्या देऊन दोन दिवसांनी बोलावलं तर तो चालढकलपणा नसतो.

दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. सगळी पथ्यं तिच्यासाठी आहेत. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. चोवीस तास थुंकू नका, चुळा भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. थुंकी लाल दिसली तरी गिळा. मिश्री आणि तंबाखू निदान आठवडाभर बंद ठेवा. गुठळी निसटली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून असा ठणका लागतो की मूळ दुखणं बरं वाटावं. मुलांच्या बाबतीत बधिर ओठ चावला जाऊ नये म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत खायला देऊ नये, आणि मोठ्यांनीही तोवर गरम चहा टाळावा.

खालच्या अक्कलदाढेची मुळं कधीकधी हॉल्स्टेडने गाठलेल्या त्याच नसेला टेकलेली असतात. म्हणून आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. तो तुम्हालाही दाखवायला सांगा आणि नस किती जवळ आहे ते विचारा. ओठाचा जडपणा साधारण तीन ते पाच तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ किंवा जीभ सुन्न असेल, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.