कोल्हापूरमधील विद्यार्थी वसतिगृहे

कोल्हापूरमधील विद्यार्थी वसतिगृहे ही राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने व अर्थसाहाय्याने १९०१ पासून पुढील दोन दशकांत कोल्हापूर संस्थानात स्थापन झालेली, निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करणारी वसतिगृहे होत. स्थानिक बोलीत त्यांना ‘बोर्डिंग’ म्हणतात. अशा वीसहून अधिक वसतिगृहांमुळे कोल्हापूर ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणून ओळखले जाते. यांच्या स्थापनेविषयी विपुल लेखन झाले आहे. दानातून उभी राहिलेली ही मालमत्ता शंभर वर्षांनंतर कोणी, कोणासाठी आणि कोणत्या पैशावर चालवायची, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले.

स्थापना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षण कोल्हापूर शहरात एकवटले होते. खेड्यातील ब्राह्मणेतर विद्यार्थ्याला शहरात राहण्या-जेवण्याची सोय मिळणे कठीण होते. सर्व जातींना खुले असे सामाईक वसतिगृह चालवण्याचा प्रयत्न आधी झाला होता. परंतु त्याचा लाभ मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच मिळाला. या अनुभवानंतर महाराजांनी समाजवार वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. यांपैकी शेवटच्या संस्थेला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव देण्यात आले. पुढे दैवज्ञ, नामदेव, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती आदी समाजांची वसतिगृहे निघाली. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाउसची स्थापना झाली. आजही दसरा चौकात उभे राहिले असता यांतील अनेक इमारती एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर दिसतात.

जातवार वसतिगृहांमुळे जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह काढून त्याला शाहू महाराजांचेच नाव दिले. कोल्हापूरच्या प्रयोगाला मिळालेले हे सर्वांत बोलके उत्तर म्हणावे लागेल, आणि ते त्याच प्रयोगातून घडलेल्या विद्यार्थ्याने दिले.

दानाचे स्वरूप

दरबाराने सामान्यतः जागा वा इमारत, एकरकमी देणगी आणि वार्षिक अनुदान अशा स्वरूपात मदत केली. दैनंदिन कारभार त्या त्या समाजातील पुढाऱ्यांच्या मंडळाकडे सोपवण्यात आला. देणगीदार संस्थानाधिपती आणि व्यवस्थापक समाज अशी ही विभागणी होती. समाजाने स्वतः वर्गणी जमवावी, हिशेब ठेवावा, मुलांची निवड करावी, अशी त्यामागील अपेक्षा होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारचा आश्रय संपला. संस्थांकडे उरली ती मुख्यतः स्थावर मालमत्ता.

कायदेशीर चौकट

सार्वजनिक न्यासांना १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) लागू आहे. विश्वस्त मंडळातील बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवणे, हिशेबांची वार्षिक तपासणी करून घेणे ही विश्वस्तांची मूलभूत कर्तव्ये होत. बदल अहवाल वेळेवर दाखल न होणे किंवा त्यावर दोन गटांचा वाद उभा राहणे, हे जुन्या न्यासांच्या कारभारातील नेहमीचे दुखणे आहे. अधिकृत विश्वस्त कोण, हेच ठरत नाही तोवर बँक व्यवहारांपासून दुरुस्तीच्या कंत्राटापर्यंत सारेच अडते.

कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास, अदलाबदल करण्यास वा बक्षीस देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असल्यासही हीच अट आहे. शहराच्या मध्यवस्तीतील भूखंडांचे मोल पाहता हे कलम वसतिगृहांचे खरे संरक्षक ठरते. दुसऱ्या बाजूने, जीर्ण इमारत विकसित करून उत्पन्न उभे करू पाहणाऱ्या प्रामाणिक विश्वस्तालाही त्याच दीर्घ प्रक्रियेतून जावे लागते.

जातीचे नाव आणि आयकर

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १३ ने विशिष्ट धर्मसमाज किंवा जातीच्या हितासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासांना करसवलत नाकारली. मात्र हे बंधन तो कायदा अमलात आल्यानंतर स्थापन झालेल्या न्यासांनाच घातले गेले. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे न्यास त्यातून वगळले आहेत. त्यामुळे जातीच्या नावाने नवे वसतिगृह काढणाऱ्यांना जी अडचण येते, ती शाहूकालीन संस्थांना येत नाही. यात एक पेच आहे. अशा एखाद्या संस्थेने उद्दिष्ट बदलून प्रवेश सर्वांना खुला करावयाचे ठरवले, तर बदललेल्या उद्दिष्टांसह तिला आयकर विभागाकडे नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. प्रवेश व्यापक करू पाहणाऱ्या संस्थेवरच कागदपत्रांचा बोजा वाढतो. २०२१ पासून नोंदणीही कायमस्वरूपी राहिली नसून तिचे मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

निधीचे प्रश्न

शासनमान्य अनुदानित मागासवर्गीय वसतिगृहांना मान्य विद्यार्थिसंख्येनुसार परिपोषण अनुदान मिळते. अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस यांना मात्र वेतनश्रेणी नसून मानधन असते. चोवीस तासांची जबाबदारी आणि मानधन यांतील तफावत हा या कर्मचाऱ्यांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. विनाअनुदानित वसतिगृहे विद्यार्थ्यांचे शुल्क, गाळ्यांचे भाडे, सभागृहाचे उत्पन्न आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांवर चालवावी लागतात. शुल्क वाढवले की ज्याच्यासाठी वसतिगृह काढले तोच विद्यार्थी बाहेर राहतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करणे बंधनकारक झाले. शैक्षणिक संस्थांना त्यातून संगणक, सौरसंच, स्वच्छतागृहे अशा वस्तुरूप मदतीचा मार्ग खुला झाला. मात्र २०२१ च्या सुधारणेनंतर एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. अर्थात ज्या प्रकारच्या दानावर ही वसतिगृहे मुळात उभी राहिली, म्हणजे मूळ धन जपून व्याजावर वा भाड्यावर कायम चालणारी व्यवस्था, ते दान देणे आता कंपन्यांना या तरतुदीखाली शक्य नाही. कायम निधीसाठी संस्थांची भिस्त व्यक्तिगत देणगीदारांवर, आणि त्यातही प्रामुख्याने आपल्याच माजी विद्यार्थ्यांवर राहते.