छापील टी-शर्टची ऑर्डर देण्यापूर्वी : सुती कापडाचा दर्जा असा ओळखा

शेतकरी गट, उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि गावातली मंडळे आता स्वतःचे नाव आणि बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट करून घेतात. ऑर्डर पन्नास-शंभर नगांची, पैसे वर्गणीतले, आणि एकदा छापलेला माल सहसा परत घेतला जात नाही. दुकानदार सांगतो, ‘प्युअर कॉटन, १८० जीएसएम.’ एवढे ऐकून आपण मान डोलावतो. कापूस पिकवणाऱ्याने तरी एवढ्यावर थांबू नये.

जीएसएम हे वजन आहे, दर्जा नव्हे

एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. टी-शर्टचे होजिअरी कापड साधारण १४० ते २०० जीएसएमचे असते. उन्हात, शेतात घालायला १४०-१६० सुखाचे वाटते, पण पांढऱ्या रंगात ते आरपार दिसते. कार्यक्रमासाठी, मोठ्या छपाईसाठी १८० बरे. हा आकडा तुम्हाला स्वतः तपासता येतो. १० बाय १० सें.मी.चा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा, १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० जीएसएमचे.

मात्र आखूड धाग्याच्या हलक्या रुईपासूनही १८० जीएसएमचे कापड तयार होते. हातात दोन्ही सारखीच वाटतात. फरक पाच-सहा धुण्यांनंतर कळतो.

दर्जा ठरतो रुईत

हमीभावासाठी मध्यम धाग्याचा कापूस २४.५ ते २५.५ मि.मी. आणि लांब धाग्याचा २९.५ ते ३०.५ मि.मी. धरतात, हे तुम्हाला माहीत असेल. हीच लांबी टी-शर्टमध्ये दिसते. तंतू लांब असेल तर सुताला पीळ नीट बसतो आणि बाहेर डोकावणारी टोके कमी राहतात. आखूड तंतूंची टोके घासली जाऊन काखेत, पोटावर बारीक गोळ्या धरतात.

म्हणून ‘कोम्ब्ड’ सूत आहे का, हे विचारा. यात यंत्राने विंचरून आखूड तंतू काढून टाकतात; साधारण १०० किलोमागे १२ ते १८ किलो माल बाजूला पडतो. हे सूत महाग असण्याचे कारण तेच. ‘कार्डेड’ सुतात हा टप्पा नसतो. एक दिवसाच्या मेळाव्यापुरते कार्डेड चालेल. वर्षभर वापरायचे असेल तर कोम्ब्डचे जादा पैसे वसूल होतात. ‘बायोवॉश’ म्हणजे विकर वापरून कापडावरची लव काढणे. त्याने कापड गुळगुळीत होते, पण आखूड धाग्याची रुई त्याने लांब होत नाही!

रंगीत कापड उजेडात धरून पाहा. पांढरे बारीक ठिपके दिसले तर बहुधा अपरिपक्व तंतूंचे गुंते आहेत; ते रंग नीट घेत नाहीत. कवडी कापूस, किडकी बोंडे आणि फरदडीचा माल चांगल्या कापसात मिसळला की हा दोष पुढे जातो. लांबट पांढरी रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पोत्याची असते. खताच्या रिकाम्या गोणीत कापूस भरला की तिचे तंतू रुईत शिरतात, सुतात कातले जातात आणि रंगाईनंतरच उघडे पडतात. वेचणीला सुती कापडाची ओटी आणि डोक्याला सुती रुमाल का सांगतात, ते इथे कळते. भारतीय रुईची बाजारातली पत याच भेसळीने घसरते, आणि त्याचा फटका शेवटी दराला बसतो.

छपाई आणि कापड यांची जोडी

सब्लिमेशन छपाई पॉलिस्टरवरच टिकते. शुद्ध सुती कापडावर ती धुतली जाते. सुतीसाठी स्क्रीन प्रिंटिंग भरवशाचे. मिश्र कापडावर दुसरी अडचण येते : लाल पॉलिस्टर-मिश्रित टी-शर्टवरचे पांढरे अक्षर काही दिवसांत गुलाबी पडते, कारण छपाई पक्की करताना लागलेल्या उष्णतेने पॉलिस्टरचा रंग शाईत उतरतो.

कापड खरेच सुती आहे का? शिवणीच्या आतले चार धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरणारी राख म्हणजे कापूस. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर आहे.

एक नमुना छापून घ्याच

त्यावर पेनाने ४० सें.मी.ची उभी व आडवी रेघ आखा, घरी धुतो तसा धुवा, वाळवा आणि मोजा. २ सें.मी. घट म्हणजे ५ टक्के. त्याहून जास्त आटला तर तो माल घेऊ नका. बाजूची शिवण पोटाकडे वळली का, तेही पाहा. सुताचा पीळ जास्त असला की असे होते. छपाईवर भेगा पडतात का, हे पाच धुण्यांनंतर तपासा.

ऑर्डरच्या कागदावर ‘शंभर टक्के सुती, कोम्ब्ड, १८० जीएसएम, आधी आटवलेले, मंजूर नमुन्याप्रमाणे’ असे लिहून घ्या. धुतलेला नमुना गटाकडेच ठेवा आणि माल आल्यावर वाटप करण्याआधी प्रत्येक मापातला एकेक नग त्याच्याशी ताडून पाहा.