पूर्वसूरी कोणाचा?

चरणजित सिंग यांची ‘सिंथेसाइझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका 1982 साली मुंबईत निघाली आणि विस्मरणात गेली. 2010 मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा प्रकाशित करताच पाश्चात्त्य समीक्षकांनी सिंग यांना ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचे आद्य प्रवर्तक ठरवून टाकले. रोलंड कंपनीच्या टीबी-303 या यंत्रावर शिकागोच्या ‘फ्यूचर’ने केलेले ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987 चे. सिंग यांनी तेच यंत्र पाच वर्षे आधी वाजवले होते.

साहित्याच्या अभ्यासकांना ही रीत परिचित आहे. लेखक आपले पूर्वसूरी स्वतःच निर्माण करतो, असे बोर्हेसने काफ्कावरील 1951 च्या निबंधात मांडले. शिकागो घडले नसते तर सिंग यांच्याकडे या नजरेने कोणी पाहिलेच नसते. पण दोन्ही शहरांत कार्यकारणाचा धागा दाखवता येत नाही. साम्य आहे ते यंत्राचे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला. सुटे घटक तारांनी जोडून नाद घडवणारे ते मॉड्यूलर यंत्र. तेथील प्रयोगांना संस्थेचा आश्रय होता. 1940 साली जन्मलेले सिंग मात्र चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवून पोट भरणारे; प्रयोग केला तो पदरमोड करून. (303 हे बास गिटारवादकाची जागा घेण्यासाठी बनवलेले यंत्र. ते एका बासवादकानेच विकत घ्यावे, यातला उपरोध आम्हांस मोलाचा वाटतो.)

या यंत्रात स्वरमालिका आधी भरून ठेवायची, आणि हव्या त्या जागी एक स्वर दुसऱ्यात घसरत न्यायचा. घसरणीची ही सोय आपल्या कानाला मींडेजवळ नेते. खालचा ठेका टीआर-808 चा आणि वरचे रागविस्तार ज्युपिटर-8 या सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारण्याची सामग्री आपल्याकडे आहे. स्थिर पट्ट्यांत श्रुती मावत नाहीत, या आक्षेपाने आकाशवाणीने 1940 ते 1971 हार्मोनियमवर बंदी घातली होती. त्या वादात घडलेली समीक्षा सिंग यांना कधी लावली गेली नाही. चित्रपटातला वादक म्हणून शास्त्रीय समीक्षेने त्यांना दाराबाहेरच ठेवले, आणि परदेशी चाहत्यांना रागाशी कर्तव्य नव्हते. अग्रमानाचा मान द्यायचा की नाही, हा त्यामानाने क्षुल्लक मुद्दा.

आमच्या मते दहाही राग सारखे साधलेले नाहीत. ललितातील दोन मध्यम पट्ट्यांवर शेजारी बसतात, म्हणून यंत्राचा आग्रही ठेका तेथे रागाला पोषकच ठरतो. तोडीचा अतिकोमल गंधार मात्र दोन पट्ट्यांच्या मधला. घसरता सूर त्याला स्पर्शून जातो. थांबायला तेथे जागा नाही.