जर्मन कवितेचा निष्ठावंत अनुवादक : मायकेल हॅम्बर्गर

विद्येच्या देवतेचा उत्सव साजरा करताना, भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या एका परदेशी विद्वानाची ओळख सभासद बंधू-भगिनींना करून द्यावीशी वाटते.

मायकेल हॅम्बर्गर यांचा जन्म २२ मार्च १९२४ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील बालरोगतज्ज्ञ व प्राध्यापक होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी हे कुटुंब देश सोडून ब्रिटनला गेले. धाकट्या भावाने पुढे आडनाव बदलले व पॉल हॅम्लिन या नावाने तो मोठा प्रकाशक झाला. मायकेल यांनी आडनाव ठेवले आणि जर्मन भाषाही.

१९४३ साली दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. शत्रूची भाषा म्हणजे जर्मन! अशा वेळी जेमतेम एकोणीस वर्षांच्या या निर्वासित तरुणाने ह्योल्डरलिन (१७७०-१८४३) या थोर जर्मन कवीच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते ब्रिटिश सैन्यातही दाखल झाले. घर हिरावणाऱ्या राजवटीशी लढायचे, पण भाषा तिच्या हवाली करायची नाही, हा विवेक त्या वयात त्यांना होता.

युद्धानंतर त्यांनी लंडन व रीडिंग येथे जर्मनचे अध्यापन केले. आईवडिलांना नाझी छळात गमावूनही जर्मनमध्येच लिहिणाऱ्या पाउल सेलान या कवीलाही त्यांनी इंग्रजीत आणले. ह्योल्डरलिनचे अनुवाद मात्र ते आयुष्यभर तपासत राहिले. सुधारित, वाढवलेली आवृत्ती २००४ सालीही निघाली.

पूर्वी मीटर गेज आणि ब्रॉड गेज जिथे मिळत, तिथे माल एका वॅगनमधून दुसरीत हातांनी चढवावा लागे. अनुवादही तसाच. हॅम्बर्गर नुसता अर्थ उतरवून घेत नसत. मूळ वृत्ताची चालही इंग्रजीत आणण्याची त्यांची धडपड असे.

उत्तरायुष्यात सफोकमधील मिडलटन गावी ते सफरचंदांच्या दुर्मिळ जाती बियांपासून वाढवीत. ७ जून २००७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण पोटापाण्यासाठी स्वखुशीने इथे आलो, त्यांना जीव वाचवण्यासाठी जावे लागले. तुलना होऊच शकत नाही. पण ज्या मातीने हाकलले तिचीही भाषा जपणारा हा माणूस आठवला, की आपल्या मुलांशी घरात मराठी बोलायला सबब उरत नाही.

गणपती बाप्पा मोरया!