खडक, वजन आणि सावकाशपणा : रॉक क्रॉलरच्या अभ्यासाची प्रस्तावना

रिमोटच्या गाड्यांच्या जगात मान वेगाला आहे. रॉक क्रॉलरचे सगळे उलटे. साधारण एक-दशांश प्रमाणातला, दोन-अडीच किलोचा हा ट्रक माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू खडक चढतो. मध्येच अडतो, चाक थोडे वळवून पाहतो आणि पुन्हा चढू लागतो. त्याच्या स्पर्धेत दोन-दोन खुणांच्या मधून गाडी काढायची असते. खुणेला धक्का लागला की गुण वाढतात, गाडी मागे घेतली तरी वाढतात, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. असा खेळ ज्याला पहिल्याच दिवशी कंटाळवाणा वाटेल, त्याने खुशाल रेसिंगकडे वळावे. इतरांसाठी ही प्रस्तावना आहे.

या खेळाचे मूळ अमेरिकेतल्या खऱ्या जीपमध्ये सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जीप घेऊन हौशी मंडळी डोंगरात शिरली. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या रुबिकॉन मार्गावर १९५३ साली पहिली ‘जीप जांबोरी’ भरली आणि युटामधल्या मोआबला १९६७ पासून जीप सफारी सुरू झाली. ती जीप आपल्यालाही परकी नाही. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्राने मुंबईत विलिज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली होती, आणि घाटातल्या गावांनी पुढे कित्येक वर्षे तिच्यावरच विसंबून प्रवास केला.

छोट्या क्रॉलरचा जन्म मात्र एका जपानी खेळण्याची मोडतोड करण्यातून झाला. तामियाने १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’ हा मोठ्या चाकांचा ट्रक काढला. त्याच्या प्रत्येक एक्सलवर स्वतंत्र मोटर आणि गिअर होते. म्हणजे मधला सांगाडा काढून टाकला तरी दोन्ही एक्सल आपापले चालत. हौशी कारागिरांनी हे हेरले, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नळ्या जोडून स्वतःचे सांगाडे बनवले, आणि लवचिक, वेडीवाकडी, खडकाला चिकटून चालणारी गाडी तयार झाली. कंपन्या मागाहून आल्या. ॲक्सियलचा एससीएक्स१० हा ट्रक २००९ मध्ये आला आणि खऱ्या गाडीसारखा दिसणारा क्रॉलर सामान्य हौशी माणसाच्या हातात पोहोचला. २०१७ मध्ये ट्रॅक्ससने टीआरएक्स-४ काढला. त्याचे डिफरन्शियल रिमोटवरून लॉक होते. थोडक्यात, या क्षेत्रात बदल करणे आधी आले आणि विकत घेणे नंतर. म्हणून खोक्यातून काढलेली गाडी तशीच चालवणाऱ्याकडे इथली जुनी मंडळी जरा संशयाने बघतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आता प्रमाणाचा प्रश्न. गॅलिलिओने १६३८ मधल्या ग्रंथात दाखवून दिले होते की वस्तू लहान केली की तिचे वजन घनाच्या हिशेबाने घटते, ताकद मात्र वर्गाच्या हिशेबाने. दोन टनांची जीप एक-दशांश केली की वजन दोन किलो होते. मॉडेलचे वजन खरोखरच तेवढ्यात बसते ते यामुळे. आणि त्या वजनाच्या मानाने मॉडेल दहापट मजबूत ठरते, म्हणून त्यात प्लॅस्टिकचे भाग खपून जातात. काळाचा हिशेब आणखी निराळा आहे. गुरुत्वाकर्षण काही एक-दशांश होत नाही, त्यामुळे छोटी गाडी मोठीच्या मानाने सुमारे तिप्पट घाईने डुलते, घसरते, पडते. खरी जीप ताशी तीन किलोमीटरने खडक ओलांडत असेल, तर मॉडेलने ताशी एक किलोमीटरच्याही जरा खालीच राहिले पाहिजे, तरच चाल खरी दिसते.

एक गोष्ट मात्र प्रमाणाने बदलत नाही, ती म्हणजे कलंडण्याचा कोन. तो फक्त गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधले अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतो. उंच कडबा भरलेली बैलगाडी ज्या नियमाने उलटते, त्याच नियमाने हा ट्रकही उलटतो. डाव्या-उजव्या चाकांमध्ये १९० मिलिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य ९० मिलिमीटर उंचीवर आहे असे धरा. आडव्या उतारावर ही गाडी सुमारे ४७ अंशांना उलटेल. गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटरवर आणला की तोच कोन ५२ होतो. (स्प्रिंगवर गाडी कलते, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे खाली येतात.) पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण खडकावर पाच अंश म्हणजे पार होणे आणि पालथे पडणे यांतले अंतर.

सरळ चढावर हिशेब आणखी रंजक होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३१३ मिलिमीटर अंतर आहे, गुरुत्वमध्य त्याच ९० मिलिमीटरवर आहे, आणि सपाटीवर वजन पुढे-मागे निम्मे-निम्मे आहे. ४५ अंशांच्या चढावर चाकांवर येणाऱ्या एकूण दाबाचा जेमतेम पाचवा भाग पुढच्या चाकांवर उरतो. ती नुसती तरंगतात, ओढत नाहीत. सपाटीवर पुढे साठ टक्के वजन ठेवले, तर त्याच चढावर जवळजवळ तिसरा भाग पुढे राहतो. म्हणून बॅटरी मागून पुढे सरकवणे हा या छंदातला सर्वांत स्वस्त बदल आहे, आणि मला विचाराल तर सर्वांत मोठाही. त्यानंतर पितळ. पितळाची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे चाकाच्या रिमच्या आत किंवा चाक वळवणाऱ्या सांध्यांवर (नकल्सवर) पितळी भाग बसवले की वजन नेमके खाली आणि नेमके पुढे जाते. पण हे फुकट मिळत नाही. जड चाक वळवताना स्टिअरिंग फिरवणारा सर्वो दमतो, एक्सलचे गिअर झिजतात, मोटर तापते. एका दुरुस्तीने दुसरी मागून घ्यायची, हा इथला नित्याचा व्यवहार आहे. शंभर ग्रॅम वाढवताना ते कुठे चालले आहेत हे ज्याने विचारले नाही, त्याने गाडी फक्त महाग केली.

टायरबद्दल नवख्यांचा एक ठाम गैरसमज असतो की त्यात हवा असते. हवा असते, पण भरलेली नसते. आत फोम असतो आणि रिमला बारीक छिद्र असते, त्यातून हवा ये-जा करते, म्हणजे टायर खडकाच्या आकारावर दबून बसू शकतो. फोम फार कडक असला तर टायर दगडावरून नुसता सरकतो. फार मऊ असला तर आडव्या उतारावर तो रिमखाली गुंडाळतो आणि गाडी घरंगळते. म्हणून आत घट्ट आणि बाहेर मऊ असा दुहेरी फोम वापरतात. ४५ अंशांचा चढ चढायला घर्षणांक किमान एक लागतो, आणि चांगले मऊ रबर कोरड्या दगडावर त्याच्या आसपास पोहोचते. दगड कोणता, हा मात्र मोठाच प्रश्न आहे. मोआबचा वाळूचा दगड सँडपेपरसारखा पकडतो. सह्याद्रीतला बेसाल्ट बारीक कणांचा आणि टणक. उन्हाळ्यात तो चांगली पकड देतो, पण पावसाळ्यात शेवाळ धरले की भल्याभल्या टायरांची अब्रू घालवतो. कोकणातला आणि गोव्यातला जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असल्याने पकडतो छान, पण कडेला भुसभुशीत होऊन पायाखालून सुटतो. मोआबच्या दगडावर पारखलेले टायर आपल्याकडे तसेच चालतील, ही अपेक्षा भाबडी आहे.

यंत्रभागाबद्दल इथे थोडक्यातच सांगतो, कारण त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) देते. एक चाक हवेत गेले की त्याला पीळ लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही मिळत नाही. क्रॉलरमध्ये ते लॉक असते, आणि त्याची किंमत वळताना मोजावी लागते. पोर्टल एक्सलमध्ये चाकाजवळच गिअरची एक जोडी असते, त्यामुळे एक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि पोट दगडाला घासत नाही. खऱ्या गाड्यांत जर्मन युनिमॉगने ही युक्ती प्रसिद्ध केली. मोटरची गोष्ट अशी की अडीच किलोच्या गाडीला ४५ अंश चढवायला सगळ्या चाकांवर मिळून साधारण एक न्यूटन-मीटर पीळ पुरतो. तो मोटरच्या अंगी नसतो, गिअरमधून येतो. मोटर तीस-चाळीस फेरे घेते तेव्हा चाक एक फेरा घेते. म्हणून मोठी मोटर बसवण्याची घाई मला नेहमीच चुकीची वाटते. खरी किंमत आहे ती ट्रिगर केसभर दाबल्यावर गाडी केसभर सरकण्याला आणि सोडल्यावर उतारावर तिथेच थांबण्याला.

हे सारे खेळापुरतेच आहे असे कुणी समजू नये. एम. जी. बेकर यांनी १९५६ मध्ये जमिनीवरील वाहनांच्या चालीचे शास्त्र मांडले आणि पुढे चंद्रावरच्या गाडीच्या कामातही त्यांचा हात होता. मंगळावरचे रोव्हर १९९७ च्या ‘सोजर्नर’पासून सहा चाकांच्या, स्प्रिंग नसलेल्या सांध्यांवर खडक ओलांडतात. ‘क्युरिऑसिटी’चा सर्वाधिक वेग सेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर आहे, आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना मंगळाच्या अणकुचीदार दगडांनी भोके पाडली, तेव्हा अभियंत्यांना गाडीचे मार्गच बदलावे लागले. क्रॉलरवाल्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

नव्याने येणाऱ्यांना दोन विनंत्या. एक, गडांच्या पायऱ्या आणि तटबंदी यांना चाक लावू नका. सह्याद्रीत मोकळा कातळ हवा तेवढा आहे, आणि ओढ्यातून गाडी नेली असेल तर घरी येऊन बेअरिंग वाळवून तेल घालायला विसरू नका. दुसरी, कोणताही भाग बदलण्यापूर्वी चारही चाकांखाली स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आळीपाळीने ठेवा. त्या वेळी उरलेली तीन चाके काट्याच्या उंचीच्या पुस्तकांवर टेका. चारही आकडे वहीत लिहा, भाग बसवल्यावर पुन्हा लिहा, आणि त्या नोंदी मराठीतच लिहून एकमेकांना द्या.